विदुषी इरावती कर्वे

डॉ. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात, करमरकर कुटुंबात झाला. तेथील इरावती नदीवरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्या पुण्यास आल्या आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी कन्येप्रमाणे वाढल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली त्या बी. ए. झाल्या. पुढे श्वशुर महर्षी कर्वे यांचा विरोध असतानाही, पती दिनकरराव यांच्या पाठिंब्याने त्या बर्लिनला गेल्या.

मानवी कवटीच्या दोन बाजूंतील फरक वंशपरत्वे बदलतो, असे त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक फिशर यांचे मत होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मोजमापे घेतली. त्या मतास आधार सापडला नाही. गुरूंच्या नाराजीची पर्वा न करता त्यांनी प्रबंधात तसेच नमूद केले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

१९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्यापन व संशोधन केले. महाभारतातील पूजनीय व्यक्तींकडेही त्यांनी याच निर्भय दृष्टीने पाहिले. त्यातून साकारलेल्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

परमुलखात जन्मलेल्या या विदुषीची सत्यनिष्ठा आपल्या कन्यांनी शिदोरी म्हणून जवळ बाळगावी.