उलट्या घड्याळाच्या बाई

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की मराठीच्या जोडीला अहिराणी कानावर पडू लागते. तिकडची मुलगी आमच्याकडे सून म्हणून येते तेव्हा बोली बदलते; पण वरणाला फोडणी देताना हात आधी आईच्या पद्धतीने चालतो, मग सासरची भर पडते. बोली दोन, चूल एक! संगणकात अशी सोय होण्याचा पाया ज्यांनी घातला, त्यांत ग्रेस हॉपर यांचे नाव अगत्याने घ्यावे लागेल.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सातव्या वर्षी घरातली सात गजराची घड्याळे त्यांनी एकामागून एक उघडली. आईने यापुढे एकच घड्याळ उघडायचे, एवढी अट घातली. १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट मिळवली. महायुद्धात, १९४३ मध्ये, वजन कमी भरूनही त्या नौदलात शिरल्या आणि हार्वर्डच्या ५१ फूट लांब मार्क-१ या गणनयंत्रावर रुजू झाल्या.

तिथे एकदा लिहिलेली आकडेमोड पुढच्या कामासाठी वहीतून हाताने उतरवावी लागे. उतरवताना चुका होत. १९५२ मध्ये बाईंनी असा कार्यक्रम रचला, की जुनी कामे फितीवर ठेवायची, क्रमांकाने पुकारायची आणि जोडणी यंत्रानेच करायची. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांतून हुकूम देऊन दाखवले. तेच हुकूम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही दिले. अमेरिकेतल्या यंत्राला परक्या भाषा कळतील, हे वरिष्ठांच्या पचनीच पडेना! वास्तविक शब्द कोणतेही असोत, खाली यंत्राचे हुकूम तेच होते. त्यांच्याच कामाच्या आधारे १९५९ पासून घडलेली कोबोल भाषा पुढे जगभरच्या बँकांत पोहोचली.

मी बँकेतला माणूस, म्हणून उदाहरणही खात्याचेच देतो. ‘खाते’ हा पालक, ‘बचत खाते’ हे त्याचे मूल. असा वारसा प्रोग्रॅमिंगमध्ये आणला तो नॉर्वेच्या डाल आणि नायगार्ड यांनी, १९६७ च्या सिम्युला भाषेत. आज पालक जावा भाषेत आणि मूल कोटलिनमध्ये लिहिता येते, कारण दोन्ही एकाच यंत्रणेवर चालू शकतात. पैसे काढताना मूल आपले नियम लावते. पण शिल्लक तपासण्याचे काम पालकाकडे असेल, तर त्याला आवर्जून हाक मारावी लागते. ती विसरली, तर शिल्लक न पाहताच पैसे बाहेर! भाषा वेगळी म्हणून हाक अडत नाही. हाक मारायची आठवण मात्र लिहिणाऱ्यानेच ठेवायची.

बाई १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि १ जानेवारी १९९२ रोजी निवर्तल्या. त्यांच्या कचेरीतल्या घड्याळाचे काटे उलटे फिरत. वेळ मात्र ते अचूक दाखवी.