संत थॉमस मोर : हातमोजे ठेवले, नाणी परत केली



२२ जून रोजी ख्रिस्तसभा संत थॉमस मोर ह्यांचा सण पाळते. त्यांचा जन्म १४७८ साली लंडनमध्ये एका वकिलाच्या घरी झाला. लहानपणी ते कार्डिनल मॉर्टन ह्यांच्याकडे सेवेकरी होते. तरुणपणी काही वर्षे कार्थुसियन मठवासीयांच्या सहवासात राहून त्यांनी आपले पाचारण पारखले आणि शेवटी विवाह व वकिली पत्करली.

१५१६ साली त्यांचे ‘युटोपिया’ हे लॅटिन पुस्तक निघाले. त्यातले काल्पनिक बेट सर्वांना ठाऊक आहे. मला पहिला भाग अधिक मोलाचा वाटतो. इंग्लंडमध्ये तेव्हा चोरीला फाशी होती, तरी चोर कमी होत नव्हते. पुस्तकातला प्रवासी मॉर्टन ह्यांच्याच जेवणाच्या टेबलावर त्याची कारणे सांगतो. लोकरीला भाव आला म्हणून जमीनदारांनी शेतांना कुंपण घालून मेंढ्या सोडल्या आणि शेतकरी देशोधडीला लागले. ज्याला पोट भरायचा दुसरा मार्ग नाही, त्याला फाशीचे भय अडवीत नाही. शिवाय चोरीला आणि खुनाला एकच शिक्षा असेल, तर चोर साक्षीदाराला जिवंत कशाला सोडील?

१५२९ साली राजा आठवा हेन्री ह्याने त्यांना लॉर्ड चॅन्सेलर नेमले. न्यायाधीशाला भेटी पाठवणे हा तेव्हा रिवाजच होता. आपल्याकडे दिवाळीत साहेबांच्या घरी खोकी जातात, तसा. दावा जिंकलेल्या एका विधवेने नववर्षाला हातमोजे दिले, आत सोन्याची नाणी. मोर ह्यांनी हातमोजे ठेवले, नाणी परत केली. त्यांचा जावई सासऱ्याच्या भरवशावर तडजोड नाकारून बसला, तर निकाल त्याच्याविरुद्ध गेला. मात्र त्यांच्याच कारकिर्दीत सहा जणांना पाखंडी ठरवून जाळण्यात आले, हेही लपवू नये.

राजा स्वतःला ख्रिस्तसभेचा प्रमुख म्हणवू लागला, तेव्हा १५३२ साली मोर ह्यांनी पद सोडले. मग शत्रूंनी त्यांच्यावर लाचेचा आरोप आणला : एका पक्षकाराच्या पत्नीकडून त्यांनी सोन्याचा मुलामा दिलेला पेला घेतला. घेतला, हे त्यांनी कबूल केले. विरोधक खूश झाले. मग त्यांनी पुढचे सांगितले : त्यात द्राक्षारस भरून ते तिच्या नावाने प्याले आणि पेला लगेच तिच्या हाती परत दिला. साक्षीदारांनीही तेच सांगितले.

अखेर रिचर्ड रिच नावाच्या सरकारी वकिलाच्या साक्षीवर त्यांना राजद्रोही ठरवण्यात आले. ती साक्ष खोटी असल्याचे मोर ह्यांनी न्यायालयातच सांगितले होते. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. रिच १५४७ साली स्वतः लॉर्ड चॅन्सेलर झाला. मोर ह्यांना १९३५ साली संतपद मिळाले आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे व राजकारण्यांचे आश्रयदाते संत घोषित केले.