सूर्याचे अभ्यासक प्रोफेसर नायगामवाला

भोर व वेल्हें येथील डोंगरांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस सूर्यग्रहण नवें नाहीं. ग्रहण लागलें कीं दारें लावून बसणारीं घरें अद्याप आहेत. पण ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं एक पारशी गृहस्थ सोलापूर जिल्ह्यांत जेऊर येथें यंत्रें मांडून त्याच घटकेची वाट पाहत होते.

कावसजी दादाभाई नायगामवाला यांचा जन्म १८५७ सालीं झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून ते तेथेंच शिकवूं लागले. १८८२ सालीं भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं वेधशाळेसाठीं पांच हजार रुपये दिले. सरकारनें तितकेच घातले. १८८४ सालीं ते विलायतेस गेले व नॉर्मन लॉकियर यांचा सल्ला त्यांनीं घेतला. हेच ते लॉकियर, ज्यांनीं १८६८ सालीं सूर्यप्रकाशांत हेलियम वायूची खूण ओळखली. तो वायु पृथ्वीवर सांपडावयास १८९५ साल उजाडलें!

पुण्याच्या सायन्स कॉलेजांत १८८८ सालीं वेधशाळा सुरू झाली. तिची वीस इंची दुर्बीण हिंदुस्थानांत पुष्कळ वर्षें सर्वांत मोठी होती. १८९१ सालीं मृगांतील तेजोमेघाचा प्रकाश तपासून त्यांनीं जें दिसलें तें छापलें. तें लॉकियर यांच्या मताविरुद्ध होतें. ज्यांचा सल्ला घेतला त्यांच्याच विरुद्ध लिहिणें सोपें नसतें.

सूर्यबिंब झांकलें गेलें म्हणजेच त्याच्या कडेचें पातळ वातावरण व भोंवतालचें प्रभामंडल दिसतें. त्या कडेच्या प्रकाशाचे रंग लोलकानें वेगळे केले असतां, एरवींच्या काळ्या रेषा क्षणभर चकाकतात. तो क्षण पकडण्यासाठीं नायगामवाला १८९६ सालीं नॉर्वेपर्यंत गेले. तेथें आभाळ आलें व सारें श्रम व्यर्थ झाले.

जेऊरास मात्र आकाश निरभ्र होतें. भर दुपारीं सुमारें दोन मिनिटें अंधार पडला, आणि तेवढ्यांत त्यांनीं फोटो घेतले. त्याच दिवशीं लॉकियर कोंकणांत विजयदुर्गास होते. आपल्या भोरकडे सूर्य पुष्कळ झांकला गेला, पण पूर्ण नव्हे. फोटोंचा सविस्तर वृत्तांत छापून निघण्यास १९०२ साल लागलें, कारण दोन मिनिटांच्या कामाची मोजदाद वर्षानुवर्षें चालते.

१९१२ सालीं ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद पडली. एका माणसाबरोबर एवढी संस्था मिटावी ह्याचें वाईट वाटतें. दुर्बीण दक्षिणेस कोडईकनाल येथील सूर्यवेधशाळेस गेली. नायगामवाला १९३८ सालीं वारले.