राजा हाकोन आणि त्याची आई

नॉर्वे देशावर हाकोन चौथा याने १२१७ ते १२६३ अशी ४६ वर्षे राज्य केले. इतिहासकार त्याच्या राज्यविस्ताराचे गोडवे गातात. आम्हांला मात्र आधी त्याच्या आईची ओळख करून द्यावीशी वाटते.

हाकोन १२०४ साली जन्मला. त्याचे वडील, राजा हाकोन तिसरा, त्यापूर्वीच वारले होते आणि आई इंगा ही त्यांची लग्नाची पत्नी नव्हती. देशात ११३० पासून गादीसाठी यादवी चालू होती. १२०६ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात दोघा सैनिकांनी या तान्हुल्याला बर्फावरून डोंगरापार सुरक्षित नेले. (त्या आठवणीसाठी १९३२ साली सुरू झालेल्या स्की-शर्यतीत स्पर्धक पाठीवर साडेतीन किलोचे ओझे वाहतात!)

तेराव्या वर्षी तो राजा झाला, तरी हा खरोखरच राजपुत्र का, ही कुजबुज थांबेना. म्हणून १२१८ साली बर्गन शहरी इंगाने तापलेल्या लोखंडाचे दिव्य केले. पोळलेली जखम चिघळली नाही तर देवाने कौल दिला, अशी तेव्हाची समजूत. इंगा त्यातून पार पडली. वास्तविक १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना अशा दिव्यात भाग घेण्यास मनाई केली होती. उत्तरेत प्रथा चालूच होती.

पुढे सासरा स्कुले याने १२३९ साली बंड केले. १२४० मध्ये हाकोनच्या माणसांनी, तो लपला होता तो मठच पेटवून त्याला ठार केले. यादवी संपली खरी, पण हा डाग पुसता येत नाही.

हाकोनच्या अनौरस जन्माची अडचण पोप इनोसंट चौथे यांनी १२४६ साली दूर केली. २९ जुलै १२४७ रोजी कार्डिनल विल्यम यांनी बर्गनला त्याचा राज्याभिषेक केला. त्याच भेटीत त्यांनी लोखंडाचे दिव्य बंद करविले. देवाला असे साक्षीला ओढणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, अशी त्यांची भूमिका होती. इंगा ते पाहायला हयात नव्हती.

ग्रीनलंड व आइसलंड त्याच्या राज्याला जोडले गेले. १२६३ साली स्कॉटलंडच्या मोहिमेवरून परतताना तो ऑर्कनी बेटांवर आजारी पडला. अंथरुणाशी बायबल व संतचरित्रे लॅटिनमध्ये वाचली जात. ती समजण्याचे त्राण उरले नाही तेव्हा मायबोलीतील ग्रंथ आणले. शेवटी आजोबा राजा स्वेरे यांचे चरित्र मध्यरात्रीच्या सुमारास वाचून संपले आणि थोड्याच वेळाने, १६ डिसेंबर रोजी, हाकोनने प्राण सोडला.