दुधाआधी वाइन : लुई पाश्चर

दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द आपण सगळ्यांनी वाचलाय. पण ज्यांच्या नावावरून तो आला त्यांनी ही युक्ती दुधासाठी नाही, वाइनसाठी काढली होती. मला हे कळलं तेव्हा आधी गंमत वाटली. मग वाचत गेलो तशी गंमत मागे पडली आणि माणूस दिसायला लागला. (विषय वाइनचा असला तरी प्रस्तुत लेखकाने आजवर थेंबही चाखलेला नाही, याची रेक्टर सरांनी कृपया नोंद घ्यावी.)

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, पूर्व फ्रान्समधल्या दोल गावचा. वडील नेपोलियनच्या फौजेतले जुने सैनिक, धंदा कातडी कमावण्याचा. पुढे कुटुंब आर्ब्वाला आलं. हे गाव द्राक्षमळ्यांचं, आणि पश्चिमेला थोडं गेलं की बर्गंडी. म्हणजे वाइन त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. १८४८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी द्राक्षांतल्याच टार्टरिक आम्लाच्या कुळातले स्फटिक भिंगाखाली एकेक करून निवडले आणि डावे-उजवे वेगळे केले. तो शोध आपल्याला केमिस्ट्रीत मार्कांपुरता येतो, पुढे जाऊ.

१८६० मध्ये फ्रान्सचा इंग्लंडशी व्यापारी करार झाला. माल बाहेर जायला लागला, पण वाटेत वाइन बिघडायची. १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने पाश्चरना यात लक्ष घालायला सांगितलं. त्यांनी आर्ब्वातच प्रयोगशाळा थाटली. कुठे, तर एका जुन्या कॉफीहाउसच्या खोलीत! गॅस नाही, कोळशाची शेगडी. उपकरणं गावातल्या सुताराने आणि लोहाराने बनवलेली. आपल्या लॅबला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

बर्गंडीचं दुखणं वेगळंच होतं. तिथली लाल वाइन पिनो न्वार या एकाच नाजूक द्राक्षाची. ती मुळात मुरवण्यासाठीच असते, आधी ओकच्या पिंपात, मग बूच मारून तळघरात, वर्षानुवर्षं. कोवळेपणी ती तुरट लागते. हळूहळू तो तुरटपणा विरघळतो, जांभळट रंग विटकरी होतो, बाटलीच्या तळाशी साका बसतो. पण पाश्चर पाहत होते त्यात उंची बर्गंडीलाच ‘कडू’ होण्याचा रोग जास्त व्हायचा, आणि तोही बाटलीत काही वर्षं गेल्यावर! मालकाने इतकी वर्षं राखलेली बाटली उघडावी आणि तोंड वाकडं व्हावं. आपलं एक सेमिस्टर वाया गेलं तर आपण किती बोंबलतो, इथे दहा-दहा वर्षांची मेहनत जायची.

पाश्चरनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. बिघडलेल्या वाइनच्या साक्यात बारीक धाग्यांसारखे जीव होते, आणि दर रोगाचे वेगळे. मग प्रश्न आला मुरण्याचा. त्यांनी काही काचनळ्या वाइनने काठोकाठ भरून बंद केल्या, काहींत अर्धी हवा ठेवली. भरलेल्या तशाच राहिल्या. हवा असलेल्यांत रंग उतरला, साका बसला, जुन्या वाइनची चव आली. म्हणजे वाइन मुरवतो तो ऑक्सिजन, लाकडातून अगदी कणाकणाने झिरपणारा. एकदम जास्त मिळाला तर तोच तिला मारतो. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्याने ‘मुरणं’ आणि ‘बिघडणं’ या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या.

उपाय साधा निघाला. बंद बाटली ५० ते ६० अंशांपर्यंत तापवायची, बस्स. एप्रिल १८६५ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे सगळ्यांना खुलं करून टाकलं. पण दर्दी लोक भडकले. तापवली की चव गेली! बोनचे मळेवाले व्हेर्नेत-लामोत यांच्याशी तर हा शोध आधी कोणाचा यावरून चांगलीच जुंपली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाणकारांसमोर तापवलेली आणि न तापवलेली वाइन चाखायला ठेवली. पाश्चरनी मध्येच गुपचूप दोन पेल्यांत एकच वाइन दिली. तरी काही जणांना फरक ‘जाणवला’! जिभेवर नव्हे तर डोक्यात चव असते, हे त्यांनी असं पकडलं. ब्लाइंड टेस्टच की ही.

हे सगळं चालू असताना घरात काय चाललं होतं ते वाचून मी थांबलो. थोरली मुलगी जान १८५९ मध्येच टायफॉइडने गेली होती. १८६५ मध्ये वडील गेले, तीनच महिन्यांत दोन वर्षांची कामीय गेली. मे १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील, पुन्हा टायफॉइड. वाइनवरचा त्यांचा ग्रंथ निघाला तोही १८६६ मध्येच. वाइनचे जंतू हा माणूस भिंगाखाली ओळखत होता. टायफॉइडचा जंतू मात्र १८८० पर्यंत कुणी पाहिलाच नव्हता.

नौदलाने ‘जाँ बार’ जहाजावर अर्धी तापवलेली आणि अर्धी तशीच वाइन पाठवली. दहा महिन्यांनी तापवलेली मऊ राहिली होती, दुसरी आंबट व्हायच्या मार्गावर होती. ऑक्टोबर १८६८ मध्ये पाश्चरना झटका आला, डावी बाजू लुळी पडली. तरी १८७८ मध्ये आर्ब्वाजवळच्या आपल्या मळ्यात त्यांनी वेलींवर काचघरं उभारून यीस्टचा प्रयोग केला. १८८५ ची रेबीजची लस शाळेत वाचलीच आहे. २८ सप्टेंबर १८९५ ला ते गेले.

बर्गंडीने त्यांचं किती ऐकलं? माझ्या मते निम्मं. वाइनमधले सगळेच जिवाणू वाईट, असं त्यांना वाटे. आता माहीत आहे की काही जिवाणू तिची बोचरी आंबट धार कमी करतात, आणि बर्गंडीची लाल वाइन ते मुद्दाम होऊ देते. त्यामुळे उंची वाइन बहुतेक जण तापवत नाहीत, स्वच्छता आणि गंधकाचा वायू यांवर भागवतात. बोनचं लुई लातूर हे जुनं घराणं (आपल्या लातूरशी संबंध नाही) मात्र लाल वाइन काही सेकंद सुमारे ७० अंशांवर नेण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यावरून चाखणाऱ्यांत वाद होतात. पेले अदलाबदल करायला आता पाश्चर तेवढे नाहीत.