अळ्यांचे कोडे उलगडणारा राजवैद्य

मांस कुजले की त्यातून अळ्या आपोआप निर्माण होतात, ही समजूत युरोपात ॲरिस्टॉटलच्या काळापासून सुमारे दोन हजार वर्षे टिकून होती. मोठमोठे विद्वानही ती निःशंकपणे मानत. तिला प्रयोगाच्या कसोटीवर उतरवण्याचे श्रेय इटलीतील वैद्य आणि कवी फ्रान्चेस्को रेदी यांना जाते.

रेदी यांचा जन्म १८ फेब्रुवारी १६२६ रोजी आरेझ्झो येथे झाला. पिसा विद्यापीठातून १६४७ मध्ये पदवी घेतल्यावर ते पुढे टस्कनीचे ग्रँड ड्यूक दुसरे फर्दिनांदो आणि त्यांच्यानंतर तिसरे कोसिमो यांचे राजवैद्य झाले. फ्लॉरेन्सच्या दरबारात त्या वेळी गॅलिलिओच्या परंपरेतील प्रयोगशील अभ्यासकांचे मंडळ कार्यरत होते. रेदीही त्यात सामील झाले.

त्यांचे पहिले लक्ष गेले ते सापांकडे. व्हायपर या विषारी सापाचे विष त्याच्या पित्तात असते, असा समज होता. दरबारातील चर्चेच्या वेळी एका गारुड्याने सर्वांदेखत ते पित्त पिऊन दाखवले. त्याला काहीच झाले नाही. विष दातांभोवतीच्या आवरणातील पिवळसर द्रवात असते, ते पोटात गेल्याने नव्हे, तर जखमेतून रक्तात मिसळल्याने घातक ठरते, हे रेदी यांनी १६६४ मध्ये मांडले.

१६६८ मध्ये कीटकांच्या उत्पत्तीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी साप, मासे, ईल आणि वासराचे मांस काचपात्रांत ठेवले. काही पात्रे उघडी ठेवली, काही घट्ट बंद केली. उघड्या पात्रांत माश्या आल्या आणि अळ्या पडल्या. बंद पात्रांतील मांस कुजले, पण त्यात अळी दिसली नाही. मात्र बंद पात्रांत हवा जात नसल्याने जीव निर्माण झाले नसावेत, अशी शंका घेता आली असती. म्हणून त्यांनी पात्रांवर तलम जाळीदार कापड ताणून बसवले. हवा आत गेली, माश्या बाहेरच राहिल्या, आणि मांसात अळ्या झाल्या नाहीत. एकच गोष्ट बदलून बाकी सारे तसेच ठेवायचे, ही पद्धत पुढे जीवशास्त्राचा पाया ठरली.

भारताशी त्यांचा संबंध आला तो विषहारी खड्यांमुळे. नागाच्या डोक्यात सापडतात असे सांगून हे खडे हिंदुस्थानातून युरोपात नेले जात. दंशावर ठेवताच ते विष शोषून घेतात, असा बोलबाला होता. रेदी यांनी प्राण्यांवर प्रयोग करून ते निरुपयोगी असल्याचे १६७१ मध्ये जाहीर केले. प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हता. अशा खड्यावर विसंबणाऱ्याचा जीव पणाला लागलेला असे.

रेदी स्वतःही चुकले. झाडांवरील गाठींमधील कीटक वनस्पतीच्याच प्राणशक्तीतून जन्मतात, असे त्यांनी मानले होते. त्या गाठी कीटकांनी घातलेल्या अंड्यांमुळे होतात, हे मार्चेल्लो माल्पीगी यांनी १६७९ मध्ये दाखवून दिले. सूक्ष्मजीवांबाबतचा वाद तर एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांच्या प्रयोगांनंतरच निकाली निघाला.

टस्कनीतील मद्यांवरील १६८५ च्या त्यांच्या दीर्घकाव्याने त्यांना इटालियन साहित्यातही स्थान मिळवून दिले. १ मार्च १६९७ रोजी पिसा येथे त्यांचे निधन झाले. ग्रंथातील वचनापेक्षा डोळ्यांसमोरील पुराव्याला मान देण्याची त्यांची शिस्त इतकी पक्की होती, की पुढे त्यांच्या स्वतःच्या चुकीची दुरुस्तीही तिनेच केली.