मळ्यात शिकलेले जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ साली झाला. घरचा धंदा फुलांचा, त्यावरूनच 'फुले' हे नाव पडले. आई लहानपणीच वारली. लोकांच्या सांगण्यावरून वडील गोविंदरावांनी जोतीला शाळेतून काढले आणि हाती खुरपे दिले. दिवसभर तो मळ्यात खपे, रात्री दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसे. शेजारच्या गफार बेग मुनशींनी हे पाहिले. मुनशीजी व लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोती पुन्हा शाळेत गेला. मुनशीजींचे हे उपकार मोठेच!

१८४८ साली जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण मातीशी त्यांचे नाते तुटले नाही. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांनी स्वतः शेती केली. १८७६-७७ चा भयंकर दुष्काळही त्यांनी पाहिला. आपला सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला होता.

१८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक लिहिले. डोंगरावरची पानेफुले आणि मेलेले किडे कुजून उत्तम खत होते, पण वळवाच्या पावसाबरोबर ते ओढ्याला वाहून जाते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यावर उपाय साधा होता. सरकारने रिकाम्या शिपायांकडून जागोजागी ताली बांधून घ्याव्यात, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल आणि मगच ओढ्याला मिळेल. तलावातला गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा, असेही त्यांनी सुचवले.

१८९० साली जोतीराव वारले. उन्हाळ्यात तलाव आटले की आपल्याकडचे शेतकरी आजही गाळ भरून शेतात नेतात.